ढालीवरचा चेहरा

गेले दोन महिने आमच्या घरात एका चित्रावरून आईचे आणि माझे शीतयुद्ध चालू आहे. चित्र म्हणजे छापील प्रत. मित्राची मुलगी शिकायला इटलीत आहे. ती सुट्टीत घरी आली तेव्हा मी सांगितल्यावरून फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातून गुंडाळी करून घेऊन आली. मी ते हौसेने पुस्तकांच्या कपाटाच्या दारावर चिकटवले. संध्याकाळी देवाकडे दिवा लावून आई हॉलमध्ये आली, वर पाहिले आणि जागच्या जागी थबकली.

"हें कितें रे? काड तें थंयसून!"

मी काढले नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी येतो तर चित्रावर वर्तमानपत्राचे अख्खे पान, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. मी ते काढले. पुढच्या दिवशी पुन्हा पान. हल्ली पान तेवढे रोज बदलते, म्हणजे ताज्या बातम्या मला कपाटावरच वाचायला मिळतात!

चित्र कारावाज्जोचे आहे. मेडुसाचे. ग्रीक पुराणातली ती सर्पकेशा राक्षसीण, जिच्याकडे पाहणारा माणूस दगड होतो. तिचे नुकतेच छाटलेले मुंडके, तोंड वासलेले, डोळे विस्फारलेले, मानेतून रक्ताच्या धारा आणि केसांच्या जागी वळवळणारे साप. दिवेलागणीला घरात असे काही नको, असे एखाद्या आईला वाटले तर तिला दोष कसा द्यावा? तरीही मी हट्ट का करतो आहे, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

या चित्रापर्यंत मी पोचलो तो जुन्या गोव्यातून. २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत सेंट फ्रान्सिस झेवियरचा शवप्रदर्शन सोहळा होता, आणि त्या काळात कित्येक सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणे माझीही तिथे काही दिवस ड्यूटी लागली होती. गोंयच्या सायबाचे अवशेष तेव्हा से कॅथेड्रलमध्ये नेलेले असतात. त्यामुळे एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बॉम जीझस बासिलिकेत गेलो तर एरवी ज्याच्यावर पेटी असते तो भव्य संगमरवरी चबुतरा रिकामाच उभा. पेटी असली की नजर पेटीवरच जाते, चबुतऱ्याकडे कोण बघतो? त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. रंगीत दगडाची जडणघडण, संताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले ब्राँझचे पट. हे काम आपल्याकडचे नाही आणि लिस्बनचेही नाही. ते फ्लॉरेन्सचे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने शिल्पकार फोज्जिनीकडून ते करवून घेतले आणि जहाजाने गोव्याला पाठवले. १६९८ साली ते इथे जोडून उभे राहिले. संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली होती, तिची ही परतफेड, असे सांगतात.

बी.ए.ला असताना मेदिची हे नाव पाठ केले होते. परीक्षेपुरते. ते घराणे आपल्या जुन्या गोव्यात असे येऊन उभे आहे हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आल्यावर कळले. मग काय, घरी येऊन त्या घराण्याचा माग काढत बसलो, आणि या तिसऱ्या कोसिमोच्या पणजोबांपाशी, म्हणजे पहिल्या फर्डिनांदोपाशी येऊन थांबलो. कारावाज्जोचा मेडुसा ज्याला नजर झाला तो हाच. फर्डिनांदो ड्यूक होण्यापूर्वी कार्डिनल होता आणि रोममध्ये राहायचा. नंतर रोममधला त्याचा हितसंबंधी माणूस म्हणजे कार्डिनल देल मोन्ते. या देल मोन्तेच्या वाड्यात पंचविशीतला, तापट डोक्याचा, तलवार बाळगून हिंडणारा एक चित्रकार आश्रयाला होता. मिकेलांजेलो मेरिसी त्याचे नाव. कारावाज्जो हे त्याच्या घराण्याचे गाव. देल मोन्तेने त्याच्याकडून १५९७-९८ च्या सुमारास हे चित्र करवून घेतले आणि ड्यूकला भेट पाठवले.

आता गंमत अशी की हे चित्र चौकटीतले नव्हेच. ते ढालीवर आहे. पॉप्लरच्या लाकडाची, मध्ये फुगीर अशी खरीखुरी गोल ढाल, तिच्यावर कापड ताणून बसवलेले आणि त्यावर तैलरंग. आकार साठ सेंटिमीटरांच्या आसपास, आपल्या घरातल्या मोठ्या परातीएवढा. मेदिचींनी ते चित्रांच्या दालनात लावले नाही, शस्त्रागारात ठेवले.

ढाल फुगीर असल्यामुळे त्यावरचा चेहरा खरे तर बाहेर फुगलेला, विद्रूप दिसायला हवा. कारावाज्जोने सावल्या अशा काही टाकल्या आहेत की समोरून पाहताना ढाल आत गेलेली वाटते आणि मुंडके तिच्यातून सुटून आपल्याकडे येते आहेसे भासते. मी हे प्रत्यक्ष पाहिलेले नाही. माझ्याजवळ आहे तो सपाट कागद. पण कागदावरही एक गोष्ट लपत नाही, आणि माझे सगळे म्हणणे त्या एका गोष्टीपाशी आहे.

ती आपल्याकडे पाहत नाही.

तिचे डोळे खाली, किंचित बाजूला वळलेले आहेत. कथेनुसार ज्या नजरेने माणसे दगड होतात ती नजर चित्रकाराने आपल्यावरून काढून घेतली आहे. कपाळाला आठ्या आहेत, तोंडातून किंकाळी निघते आहे, आणि तो सगळा चेहरा क्रूर कमी आणि घाबरलेला जास्त आहे. आपला देह गेला हे तिला नुकतेच कळते आहे. अंगावर काटा येतो तो तिच्या भयामुळे. तिच्यापासून आपल्याला भय आहे म्हणून नाही.

कारावाज्जोच्या आधीच्या मेडुसा अशा नाहीत. ग्रीसमध्ये कोर्फू बेटावर आर्टेमिसच्या देवळाच्या माथ्यावर कोरलेली, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली मेडुसा आहे. वटारलेले डोळे, रुंद जबडा, कमरेला सापांचा पट्टा. ती थेट समोर बघते आणि अजिबात घाबरलेली नाही. घाबरवणे हेच तिचे काम. ग्रीक लोक हा चेहरा देवळांवर, ढालींवर, नाण्यांवर, भट्ट्यांवरसुद्धा लावत, वाईट नजर लागू नये म्हणून. मेडुसा या नावाचा मुळातला अर्थही राखण करणारी, सत्ता चालवणारी असाच आहे. राखणदारच म्हणा ना!

आपल्याला हे समजायला काहीच अडचण नाही. देवाच्या प्रभावळीच्या माथ्यावर मधोमध जो विक्राळ सिंहमुखी चेहरा असतो तो कीर्तिमुखाचा. स्कंदपुराणातली त्याची कथा ठाऊक असेलच. जालंधराने राहूला शंकराकडे पाठवून पार्वतीची मागणी केली, शंकराच्या तिसऱ्या डोळ्यातून एक भुकेले अक्राळविक्राळ भूत निघाले, राहू शरण आला, मग भुकेल्याने खायचे काय? शंकराने सांगितले, स्वतःलाच खा. त्याने पायापासून खायला सुरुवात केली आणि शेवटी चेहरा तेवढा उरला. शंकराने प्रसन्न होऊन त्याला दारावर बसवले. धड नसलेला, फक्त चेहरा असलेला राखणदार. मी ही तुलना आईला ऐकवली. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग दाराभायर लाय. घरांत कित्याक?" अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांचे जे मत होते तेच माझ्या आईचे निघाले. मी निरुत्तर.

पण कीर्तिमुखात आणि मेडुसात एक मोठा फरक आहे. कीर्तिमुखाने स्वतःला खाल्ले ते देवाच्या शब्दावरून आणि त्याचा सन्मान झाला. मेडुसाने असे काय केले होते?

इथे ओव्हिड या रोमन कवीकडे जावे लागते. त्याच्या आधीच्या हेसिअडच्या काव्यात मेडुसा ही तीन गॉर्गन बहिणींपैकी मर्त्य असलेली एक, आणि समुद्रदेव पोसायडन तिच्याशी फुलांच्या कुरणात रत झाला एवढेच आहे. ओव्हिड ती कथा वेगळी सांगतो. मेडुसा अतिशय सुंदर होती आणि तिचे केस तर सर्वांत सुंदर. समुद्रदेवाने तिच्यावर अत्याचार केला, तो कुठे, तर मिनर्व्हा म्हणजे ग्रीकांच्या अथीना या देवीच्या देवळात. देवीने काय केले? तिने तोंड फिरवले आणि आपली पवित्र नजर ढालीआड झाकली. मग शिक्षा केली ती मेडुसाला. तिच्या केसांचे साप केले. समुद्रदेवाला काही नाही. त्याचा समुद्र त्याच्यापाशीच.

पुढे पर्सियस येतो, अथीनेच्या मदतीने. चकचकीत ढालीतले प्रतिबिंब पाहत पाहत, मेडुसाच्या चेहऱ्याकडे एकदाही न बघता, ती झोपेत असताना तिचा गळा कापतो. ते मुंडके शस्त्र म्हणून वापरतो, शत्रूंना दगड करत सुटतो, आणि शेवटी ते अथीनेकडे जाते. जी देवी तोंड फिरवून उभी राहिली होती ती आता तोच चेहरा आपल्या छातीवर मिरवते.

ओव्हिडमधला एक तपशील फारसा कोणी बोलत नाही, आणि माझ्यासारख्या कारकुनाला तो सोडवत नाही. मेडुसावर काय अन्याय झाला हे आपल्याला कोण सांगते? ती स्वतः नाही. मेजवानी चालू आहे. जेवणे झाली आहेत, मद्य वाढले आहे, आणि एक पाहुणा सहज विचारतो की तिन्ही बहिणींत एकटीच्याच केसांत साप कसे? पर्सियस सांगतो, छान प्रश्न विचारलात, ऐका. म्हणजे पीडितेची हकीकत मारेकऱ्याच्या तोंडून, तीही जेवणानंतरच्या गप्पांत. तिची बाजू म्हणून फाईलवर जे आहे ते एवढेच. तिचा स्वतःचा एक शब्द त्या कागदांत नाही.

तुम्ही म्हणाल, हा कारकून पुराणातही फाईल शोधतो. शोधतो खरा. त्याला कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो तिथे एक बाई होत्या. कनिष्ठ लिपिक, माझ्या दोन टेबले पलीकडे. कामाला चोख, बोलायला मोकळ्या. त्यांनी एका वरिष्ठाच्या वागणुकीबद्दल लेखी तक्रार केली. चौकशी झाली. इतिवृत्त टाईप करायला मला बसवले होते. बाईंचे म्हणणे आत ऐकून घेतले गेले, पण माझ्याकडे टाईप करायला आले ते त्या म्हणण्याचा साहेब लोकांनी काढलेला गोषवारा. त्यांची तीन पाने होती, त्यांतल्या पाच ओळी उरल्या. "गैरसमजातून" हा शब्द त्यांच्या तीन पानांत कुठेही नव्हता. गोषवाऱ्यात होता. मी तो टाईप केला.

महिन्याभराने बदलीचा आदेश निघाला. बाईंचा. घर बार्देशात, बदली काणकोणात. आदेश इंग्रजीत होता, त्याचा मराठीत अर्थ एवढाच की प्रशासनाच्या सोयीसाठी. तोही मीच टाईप केला.

बदलीवर जाईपर्यंतचे जे पंधरा दिवस त्या आमच्यात होत्या, ते मला आता या चित्राजवळ उभा राहिलो की आठवतात. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. चहाला जाताना लोक लांबून वळसा घालून जात. "सांभाळून हां, उद्या तुमच्यावरही तक्रार करील," असे हसत हसत बोलले जाई, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. बाईंशी नजरानजर होणे धोक्याचे होते. त्यांनी काही केलेले नसताना त्याच भयंकर झाल्या होत्या. ज्याच्याबद्दल तक्रार होती त्याच्या केबिनमध्ये मात्र नेहमीसारखी वर्दळ.

मीही बघत नव्हतो. हे लिहायला सोपे नाही, पण लिहितो. मी टाईपरायटरच्या, पुढे संगणकाच्या आड तोंड घालून बसणारा माणूस. माझी ढाल तीच.

म्हणून राक्षसीण हा शब्द मला आता नुसता पुराणातला वाटत नाही. तो शेरा वाटतो. कोणीतरी फाईलवर मारलेला, आणि मारणारा बहुधा तोच, ज्याची चौकशी व्हायला हवी होती.

आपल्याकडे अहल्या आहे. कीर्तनात लहानपणापासून ऐकली. इंद्र गौतमाचे रूप घेऊन आला, फसवणूक त्याची, आणि शिळा झाली ती अहल्या. इंद्रालाही शाप मिळाला म्हणा, पण तो स्वर्गाचा राजा होता आणि राहिला. वाल्मीकी रामायणात ती शिळा होत नाही, अदृश्य होऊन राखेत तप करत पडून राहते. शिळा हे नंतरच्यांचे काम. तिकडे ग्रीकांच्या कथेत बाई इतरांना दगड करते, इथे बाईच दगड होते. आपल्या कथेत एक दिलासा निदान आहे, कोणीतरी आश्रमात पाऊल टाकतो आणि तिला माणूस म्हणून भेटतो. मेडुसाच्या वाट्याला तसे कोणी आले नाही. आला तो आरसा घेऊन.

आता कारावाज्जो हा काही स्त्रियांचा कैवारी होता, असा माझा दावा नाही. त्याने ओव्हिडची कथा मनात धरून चित्र काढले की नुसती ड्यूकला खूश करण्याची हुकमी करामत केली, हे कोण सांगणार? राजघराण्यांत त्या ढालीचा अर्थ अगदी उलटच लावला जायचा. फर्डिनांदोच्या वडिलांनी, पहिल्या कोसिमोने, चेल्लिनीकडून पर्सियसचा ब्राँझचा पुतळा करवून घेतला होता. तो १५५४ साली फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात उभा राहिला आणि आजही तिथेच आहे. पायाखाली मेडुसाचे धड, हात उंचावलेला, हातात मुंडके. नागरिकांनी काय तो बोध घ्यावा! मेडुसा म्हणजे राज्याचा शत्रू आणि तिला मारणारा तो राजा, हे मेदिचींच्या घरचे वाचन होते. कारावाज्जोची ढाल त्याच घरात गेली.

पण चित्रकाराचा हात मालकाचे ऐकतोच असे नाही. हा चेहरा बाईचा कमी आणि तरुण पुरुषाचा जास्त वाटतो, आणि कारावाज्जोने आरशात पाहून स्वतःचाच चेहरा रंगवला असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मला ते पटते, कारण पुढे त्याने तेच पुन्हा केले. १६०६ साली रोममध्ये एका मारामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला. त्याला मृत्युदंड फर्मावला गेला आणि तो पळाला. नेपल्स, माल्टा, सिसिली असा तो हिंडत राहिला. शेवटच्या दिवसांत त्याने डेव्हिड आणि गोलायथ रंगवला. त्यात कोवळ्या डेव्हिडच्या हातात लोंबणारे राक्षसी गोलायथचे मुंडके आहे ना, तो चेहरा कारावाज्जोचा स्वतःचा आहे. १६१० मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय अडतीस होते. तरुणपणी एका छाटलेल्या मुंडक्यात त्याने स्वतःला पाहिले असेल नसेल, शेवटी नक्कीच पाहिले. राक्षस म्हणून कोणी दुसरा दाखवायचा ही चित्रकारांची सोय त्याने वापरली नाही, एवढे मी खात्रीने म्हणतो.

याच्या शेजारी रूबेन्सची मेडुसा ठेवून पाहा म्हणजे फरक कळेल. व्हिएन्नाच्या संग्रहालयातले हे चित्र १६१७-१८ च्या सुमाराचे. मुंडके जमिनीवर पडलेले, कातडी निळीपांढरी, डोळे बाहेर आलेले, आणि भोवती सापांचा नुसता बुजबुजाट, शिवाय कोळी, विंचू. साप स्नायडर्स या प्राण्यांच्या चित्रकाराने रंगवले असे मानतात, आणि ते इतके अचूक आहेत की आपण मेडुसाला विसरून सापच बघत बसतो. थोर चित्र आहे, पण त्यातली मेडुसा मेलेली आहे. तिच्यावर जे व्हायचे ते होऊन गेले, आता उरला तो तमाशा. हॉलंडच्या कॉन्स्टांटाइन हॉयगन्स या विद्वान गृहस्थाने या चित्राची एक प्रत ॲम्स्टरडॅममध्ये मित्राच्या घरी पाहिली होती. ते चित्र पडद्याआड झाकून ठेवत. त्याने चित्राची स्तुती केली आणि असेही लिहून ठेवले की असे चित्र आपल्या घरापेक्षा मित्राच्या घरी असलेले बरे! आईला हे सांगितले तेव्हा पहिल्यांदाच तिला माझ्या वाचनाबद्दल आदर वाटला असावा.

अलीकडची एक मेडुसा मात्र मला पटलेली नाही. लुचानो गारबाती या अर्जेंटिनाच्या शिल्पकाराने २००८ साली चेल्लिनीचा पुतळा उलटा केला. त्याची मेडुसा उभी आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पर्सियसचे मुंडके. २०२० मध्ये तो पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत काही महिने ठेवला होता, बायकांनी अत्याचारांविरुद्ध आवाज उठवला त्या चळवळीची खूण म्हणून. भावना समजते. पण चुकीच्या माणसाचे डोके कापले गेले असे मला वाटत राहते. पर्सियस हा हुकमाचा ताबेदार, एका राजाने पाठवलेला पोरगा. समुद्रदेव कुठे आहे? आणि देवळात तोंड फिरवून उभी राहिलेली देवी? त्यांचे पुतळे कोणी उलटे केलेले नाहीत. शिवाय हातात तलवार दिली की मेडुसा पुन्हा भीतिदायकच झाली, आणि भीतिदायक बाईकडे न बघण्याची सवय आपल्याला हजारो वर्षांची आहे.

कारावाज्जोने तिला तलवार दिली नाही, सौंदर्य परत दिले नाही, न्यायही दिला नाही. त्याने ढाल घेतली. ज्या वस्तूआड देवीने डोळे झाकले, जिच्यात बघत पर्सियसने गळा कापला, तीच वस्तू. आणि तिच्यावर तो चेहरा असा ठेवला की बघावेच लागते. कथेत कोणीच तिच्याकडे पाहिले नव्हते. पाहिलेले सगळे दगड झाले, त्यामुळे त्यांनी काय पाहिले हे सांगायला कोणी उरलेच नाही. ढालीसमोर उभे राहणारा माणूस दगड होत नाही, आणि त्याला दिसते ते हे, की ती घाबरली आहे.

चित्रावर आजही वर्तमानपत्राचे पान आहे. मी ते रोज संध्याकाळी काढतो आणि आई रोज सकाळी लावते. मात्र गेल्या आठवड्यात मी जेवत असताना आई कपाटाजवळ गेली, पानाचा एक कोपरा वर करून बराच वेळ बघत राहिली, आणि माझ्याकडे न वळताच तिने विचारले, "कोणाक भियेल्यां गो हें?" प्रश्न मला नव्हताच बहुतेक. मी गप्प जेवत राहिलो.

त्या बाई पुढे काणकोणहून मडगावला आणि मग बऱ्याच वर्षांनी पणजीत परत आल्या असे ऐकले. आता निवृत्तीला एक-दोन वर्षे असतील. एकदा कदंबच्या बसस्थानकावर मला त्या दिसल्या होत्या, म्हापशाच्या रांगेत. त्यांनीही मला पाहिले असावे. मी तिकिटाच्या खिडकीकडे वळलो. त्यांचा फोन नंबर मी एका जुन्या सहकाऱ्याकडून मागून घेतला आहे. त्याच कपाटात, वहीत लिहून ठेवला आहे. अजून फोन केलेला नाही.